धुराचे स्थलांतर : मुंबईचा कोळसा, मावळचे पाणी आणि 'स्वच्छ' या शब्दाचे अधिकरण

मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलाने १९१२ साली धुराच्या उपद्रवाविषयी एक कायदा संमत केला. त्यातील 'भट्टी' या शब्दाची व्याख्या भाषेच्या अभ्यासकाने थांबून वाचावी अशी आहे. वाफेची यंत्रे चालविण्यासाठी किंवा अन्य कोणत्याही कामासाठी वापरली जाणारी भट्टी वा आगटी, असा त्या शब्दाचा अर्थ प्रथम ऐसपैस करून ठेवला आहे, आणि लगोलग दोन अपवाद सांगितले आहेत. प्रेतदहनाचा अग्नी ही भट्टी नव्हे आणि खाजगी घरातील चूल हीही भट्टी नव्हे. व्याख्येचा हा साचा बंगालचा. तेथे १९०५ सालीच कलकत्ता व हावडा या शहरांसाठी अशा स्वरूपाचा कायदा झाला होता. धूर चुलीतूनही निघतो, चितेतूनही निघतो. परंतु कायद्याच्या भाषेत तो धूर नव्हता.

मसुदा करणाऱ्यांना याबद्दल हसण्याचे कारण नाही. सोनापूरची स्मशानभूमी हलविण्याच्या बेताला जगन्नाथ शंकरशेट यांनी केलेला विरोध मुंबईच्या सरकारी स्मरणात पक्का होता, आणि चाळीतील हजारो शेगड्यांवर निरीक्षक नेमणे हे कोणत्याही सरकारच्या आवाक्यातले काम नव्हते. आपल्याला येथे लक्षात घ्यावयाचे आहे ते इतकेच की, एखादी वस्तू 'उपद्रव' ठरण्यास तिचे द्रव्यगुण पुरेसे होत नाहीत. ती कोठे निघते, कोठे पडते आणि तेथे कोण राहतो, यांवर तिचे नाव ठरते. आपल्या वैयाकरणांनी क्रियेच्या आधाराला 'अधिकरण' म्हटले आणि त्यासाठी सप्तमीची योजना केली. 'उपद्रव' या शब्दाला ही सप्तमी उघडपणे लागते. 'स्वच्छ' या शब्दाला मात्र ती लागत नाही, असा आपला समज आहे. स्वच्छ इंधन, स्वच्छ वीज, स्वच्छ तंत्र असे आपण निरपेक्षपणे म्हणतो. मुंबईच्या धुराचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास तपासला असता हा समज टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अर्थशास्त्र वा यंत्रशास्त्र हे त्याचे प्रांत नव्हेत. शब्दांचा माग काढता काढता तो या विषयात शिरला आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची. ती ताडदेव येथे १८५६ साली सुरू झाली. शतक संपेपर्यंत शहरातील गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली. प्रत्येक गिरणीला स्वतःचे बॉयलर, स्वतःचे इंजिन, पाणी निवविण्यासाठी स्वतःचा तलाव आणि स्वतःची चिमणी. या 'चिमणी' शब्दाची गंमत अशी की, इंग्रजीतून येताना तो आपल्या अंगणातल्या पाखराच्या नावात शिरून बसला आणि मग त्याला परका म्हणून कोणी ओळखेना. पुढे घासलेटच्या लहान दिव्यालाही तेच नाव मिळाले. लालबाग-परळच्या आकाशात उभ्या असलेल्या त्या अजस्र नळकांड्याला एवढे लाडके नाव मिळावे, यात भाषेची थट्टा आहे की सहनशीलता, हे सांगणे कठीण. धुरामुळे कपड्यांवर, भांड्यांवर, भिंतींवर बसणाऱ्या थराला मात्र जुना, घरचा शब्द होता, 'काजळी'. गिरणीच्या शेजारी राहणाऱ्यांची तक्रार या घरगुती शब्दातूनच बोलली जात असे.

काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. भट्टीत एकदम पुष्कळ कोळसा टाकला की हवा पुरी पडत नाही, ज्वलन अर्धवट होते आणि कोळशातील ज्वलनशील अंश काजळीच्या रूपाने वाया जातो. थोडा थोडा कोळसा वारंवार आणि सारखा पसरून टाकला तर धूर पुष्कळ कमी होतो. म्हणजे धूर हा मालकाच्या दृष्टीने तोटाच होता. तरीही तो निघत होता, कारण थोडा थोडा कोळसा टाकीत राहावयाचे तर 'आगवाल्या'ला क्षणाची उसंत नसते आणि अशा आगवाल्यांची संख्याही वाढवावी लागते. निकृष्ट कोळसा, क्षमतेपलीकडे ताणलेले बॉयलर आणि कमी पगाराची माणसे, या तिघांचा हिशेब मालकाला धुरातून जाणाऱ्या कोळशापेक्षा स्वस्त पडत असे. त्या काळच्या कागदपत्रांतून दोष बहुधा तिसऱ्याच्या माथी मारलेला असे. 'देशी आगवाल्याचे अज्ञान' हे धुराचे लाडके कारण होते.

धूर मोजण्याचे साधन फ्रान्समधून आले होते. पॅरिसचे प्राध्यापक मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी १८८८ च्या सुमारास पांढऱ्या कागदावर कमी-अधिक जाड काळ्या रेघांच्या चौकटी आखून काळेपणाच्या पायऱ्या पाडल्या होत्या. कागद दूर उभा करावयाचा, चिमणीच्या तोंडाकडे पाहावयाचे आणि धूर कोणत्या पायरीशी जुळतो ते लिहून ठेवावयाचे. साधन साधे होते आणि मोठ्या उपयोगाचे होते. त्यामुळे 'फार धूर' या विशेषणाच्या जागी आकडा आला. परंतु जो डोळ्यांना दिसतो तेवढाच धूर या कागदाला मोजता येई. गंधकाचा वायू दिसत नाही. तो मोजला गेला नाही आणि म्हणून पुष्कळ काळ त्याला कायद्यात जागाही मिळाली नाही.

कलकत्त्याच्या आयोगाने या मोजणीच्या बळावर बरेच काम केले. व्हाइसरॉय कर्झनने १९०३ साली व्यापाऱ्यांच्या सभेत या प्रश्नाला तोंड फोडले होते, आणि पुढे आयोग नेमताना सरकारी अधिकाऱ्यांबरोबर व्यापारी संस्थांनी सुचविलेली माणसेही त्यावर घेण्यात आली. खटले भरण्याआधी सल्ला द्यावयाचा, भट्टी सुधारून दाखवावयाची, आगवाल्याला शिकवावयाचे, अशी त्याची रीत होती. आज ज्याला आपण शासन व उद्योग यांची भागीदारी म्हणतो तिचा हा हिंदुस्थानातील एक जुना नमुना होय. मुंबईनेही हीच वाट धरली. मुंबईच्या कायद्याने आयोग आणि निरीक्षक आले आणि ठराविक हद्दीत काही प्रकारच्या भट्ट्या उभारण्यास मनाई करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. 'हद्दीत' हा शब्द पुन्हा सप्तमीत आहे. हद्दीबाहेर वीटभट्टी लावण्यास कोणाचीच हरकत नव्हती.

तथापि मुंबईच्या गिरण्यांचा धूर जो हटला, तो मुख्यतः या कायद्यामुळे नव्हे. त्याचे कारण कोळशाच्या किमतीत शोधावे लागते. कलकत्त्याच्या कारखान्यांना राणीगंज आणि झरिया येथील खाणी हाकेच्या अंतरावर होत्या. मुंबईला तोच कोळसा आगगाडीने देश ओलांडून किंवा जहाजाने द्वीपकल्पाला वळसा घालून आणावा लागे, नाहीतर परदेशातून मागवावा लागे. गिरणीच्या खर्चात इंधन ही बोचणारी बाब होती. दुसरीकडे, शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर सह्याद्रीच्या कड्यावर चार महिने अफाट पाऊस पडत होता. ते पाणी अडवून घाटाखाली सोडले तर त्यापासून वीज होईल, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग यांनी मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. जमशेटजी १९०४ साली वारले. त्यांच्या मुलांच्या हातून १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी उभी राहिली.

योजनेचे गणित देखणे होते. लोणावळ्याच्या परिसरात वळवण, लोणावळा आणि शिरोता असे तीन तलाव बांधावयाचे. पावसाळ्याचे पाणी तेथे साठवून आठ कोरड्या महिन्यांत पुरवून वापरावयाचे. सुमारे ५०० मीटरच्या उतारावरून ते खोपोलीच्या जनित्रांवर सोडावयाचे आणि तेथे झालेली वीज तारांवरून परळला आणावयाची. लंडनच्या बाजारात या कंपनीला भांडवल मिळेना. ते मग देशातच संस्थानिक आणि व्यापारी यांनी उभे केले. गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते १९११ साली कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत आली. पाठोपाठ आंदर मावळातील नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. (या कंपनीच्या इंग्रजी नावातील 'आंध्र' पाहून तिचा संबंध तेलुगू मुलुखाशी जोडणारे लोक आजही भेटतात. आंदर मावळ रोमन लिपीत गेला आणि परत येताना आंध्र होऊन आला.) तिसरी योजना मुळा नदीवरील मुळशीची. तिचे भिरा येथील वीजघर १९२७ साली सुरू झाले.

पाण्यापासून होणाऱ्या विजेला मराठीत 'पांढरा कोळसा' असे नाव मिळाले. शब्द मूळचा फ्रेंच. आल्प्स पर्वतात कागदाची गिरणी चालविणाऱ्या आरिस्तिद बेर्झेस याने १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या सुमारास तो रूढ केला. त्याच्या डोळ्यांपुढे हिमनद्या होत्या, म्हणून 'पांढरा' हे विशेषण त्याच्या तोंडी साजले. सह्याद्रीत बर्फ नाही. मावळातील आषाढाचे पाणी तांबूस, गढूळ असते. तरी अनुवादात पांढरा रंग टिकून राहिला, कारण त्याचे काम वर्णनाचे नव्हते. काळ्या कोळशाशी विरोध दाखविणे एवढेच त्याचे काम होते. पांढऱ्याच्या पोटी आपल्याकडे निष्कलंकतेचाही अर्थ आहे. तो येथे फुकटात मिळाला.

आता या योजनेत कोण कोण सहभागी होते ते पाहू. कंपनीने यंत्रे व अभियंते आणले. भांडवलदारांनी पैसा दिला. गिरणीमालकांनी वर्षानुवर्षे वीज घेण्याचे करार केले. सरकारने परवाना दिला, पाण्याचा हक्क दिला आणि १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याचा आधार घेऊन जमीन मिळवून दिली. 'भागीदार' हा आपला शब्द निम्मा संस्कृत, निम्मा फारसी आहे. जुन्या कागदपत्रांत त्याच अर्थाने 'सरकत' आढळते. दोन्ही शब्दांत नफा आणि नुकसान या दोहोंचा वाटा अभिप्रेत असतो. ज्याच्या वाट्याला फक्त नुकसान येते त्याला भागीदार म्हणण्याची चाल मराठीत नाही. त्याच्यासाठी दुसरा शब्द पुढे बनवावा लागला.

मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावे या तिसऱ्या धरणाच्या पाण्यात जावयाची होती. आंबेमोहोराच्या भाताची ती खाचरे. १९२१ च्या एप्रिलमध्ये, रामनवमीच्या मुहूर्तावर, तेथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिले. विनायकराव भुस्कुटे हे त्यांच्या बरोबरीचे नेते. त्यांनी पुढे या लढ्याचा वृत्तांतही लिहिला. पुण्यातील न. चिं. केळकर प्रभृतींनी प्रारंभी पाठिंबा दिला, 'केसरी'ने बाजू लावून धरली आणि गांधींनीही त्याच महिन्यात या प्रश्नावर लिहिले. काम काही काळ थांबले. मग ते पुन्हा सुरू झाले. मावळे स्त्री-पुरुष धरणाच्या जागी जाऊन बसत, मार खात, तुरुंगात जात. १९२४ च्या अखेरीस लढा मोडला आणि बापटांना दीर्घ कारावास घडला.

या लढ्याचे जे विवेचन राजेंद्र व्होरा यांनी केले आहे त्यातील एक मुद्दा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पेट्यातील पुष्कळशी जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती आणि मावळे तीच जमीन कुळे म्हणून कसत होते. भरपाईचा दर वाढताच सावकारांचा विरोध विरघळला. जमिनीचा मालक कोण, या प्रश्नाला कायद्याने एक उत्तर दिले, आणि जमिनीवर जगतो कोण, हा प्रश्न कायद्याने विचारलाच नाही. टाटा कंपनीची बाजू मांडणारे लोक सांगत की, या विजेने मुंबईचा कोळसा वाचेल, देशी उद्योग वाढेल, हजारो कामगारांना काम मिळेल. त्यात खोटे काहीच नव्हते. परळच्या हवेचे भले आणि ताम्हिणीच्या पायथ्याच्या शेताचा नाश ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी होती. दोन्ही एकाच वाक्यात लिहिणारा अहवाल मात्र त्या काळात विरळा. परळमध्ये राहून काजळी गिळणारा गिरणीकामगार आणि मुळशीचा मावळा यांची कधी भेट झाली असती तर त्यांनी एकमेकांना काय म्हटले असते, हे इतिहासाच्या साधनांतून कळत नाही.

'धरणग्रस्त', 'प्रकल्पग्रस्त' हे शब्द मुळशीच्या लोकांच्या उपयोगी पडले नाहीत. ते पुष्कळ नंतर रूढ झाले. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली झाला. 'ग्रस्त' हे उत्तरपद ग्रहणातून, रोगातून, दुष्काळातून आलेले आहे. राहूने चंद्राला ग्रासावे तसे काहीतरी दैवी, ज्याचा कर्ता शोधण्याचे प्रयोजन उरत नाही. दुष्काळग्रस्त आणि धरणग्रस्त हे शब्द रचनेने अगदी सारखे असल्यामुळे एक आपत्ती आकाशातून येते आणि दुसरी ठरावाने येते, हा भेद भाषेतून पुसला जातो.

मुंबईत विजेचा परिणाम दिसावयास वेळ लागला नाही. १९२० ते १९३० या काळात बहुसंख्य गिरण्यांनी वाफेची इंजिने मोडीत काढून विजेच्या मोटारी बसविल्या. चिमण्या पूर्णपणे विझल्या असे मात्र नाही. सुताला खळ देण्यासाठी, रंगविण्यासाठी, सुकविण्यासाठी वाफ लागतेच, आणि तिच्यासाठी बॉयलर राहिले. पण इंजिने ओढण्यासाठी जळणारा कोळसा गेला आणि त्याबरोबर धुराचा मोठा वाटा गेला. आगगाडीचेही तसेच झाले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली. १९२८ साली कुलाबा-बोरिवली मार्गाचा क्रम लागला, आणि पुढच्या दोन वर्षांत विजेच्या तारा घाट चढून पुण्याला व इगतपुरीला पोहोचल्या. परंतु या वाढत्या मार्गांसाठी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९२९ साली कल्याणजवळ चोळे येथे स्वतःचे वीजघर बांधले आणि ते कोळशावर चालणारे होते. बोगद्यातील प्रवाशाच्या डोळ्यांतला धूर गेला तो ठाकुर्लीच्या लोकांच्या अंगणात. 'विजेची गाडी धूर सोडत नाही' हे वाक्य अधिकरणासह लिहावयाचे तर 'रुळांवर' हा शब्द त्यात घालावा लागतो.

याहूनही दूरवर पोहोचलेला परिणाम पाण्याचा. इंद्रायणी आणि मुळा या पूर्ववाहिनी नद्या. त्यांचे पाणी भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जावयाचे. तीन योजनांनी या पाण्याचा मोठा भाग पश्चिमेकडे वळविला. जनित्रे फिरवून झाल्यावर तेच पाणी खोपोलीहून पाताळगंगेत, भिवपुरीहून उल्हास नदीत आणि भिऱ्याहून कुंडलिकेत जाते. कोकणातील नद्या पावसाळा सरला की आटतात. या तीन नद्या मात्र त्यामुळे बारमाही झाल्या. बारमाही पाणी, जवळ रेल्वे आणि हाकेवर मुंबईची बाजारपेठ असे जुळून आल्यावर कारखाने तेथे आले नसते तरच नवल. पाताळगंगेच्या काठी हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला आणि त्याच्या वसाहतीचे नाव पडले 'रसायनी'. एका उद्योगाच्या मालावरून गावाचे नाव पडण्याचे असे उदाहरण आपल्या स्थलनामांत फार नाही. नाव ऐकावयास गोड, ऋषींच्या आश्रमाचे शोभावे असे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे अंबरनाथ, बदलापूर, पाताळगंगा, रोह्याजवळचे धाटाव या ठिकाणी रसायनांचे कारखाने दाटीने वसले.

त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या द्रवाला मराठीत शब्द मिळाला 'सांडपाणी'. मूळचे सांडपाणी म्हणजे मोरीतले, न्हाणीघरातले. ते परसात अळूच्या किंवा केळीच्या बुंध्याशी जिरावयाचे. आम्ले, रंग आणि क्षार यांच्या मिश्रणाला हाच शब्द लावल्याने त्याचा दाहकपणा ऐकणाऱ्याला जाणवत नाही. चिमणीचे जे झाले तेच येथेही झाले. 'प्रदूषण' हा शब्द आपल्या वृत्तपत्रांतून सर्रास दिसू लागला तो याच सुमारास. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ साली, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्यापूर्वी पाच वर्षे केला होता, आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळही स्थापिले होते. हे श्रेय राज्याला द्यावयास हवे.

लहान कारखान्याला स्वतःचे शुद्धीकरण केंद्र परवडत नाही, म्हणून अनेकांचे मिळून एक सामुदायिक केंद्र, ही कल्पना १९९१ पासून केंद्र सरकारच्या योजनेने पुढे आली. भांडवलाचा चौथा हिस्सा केंद्राने द्यावयाचा, चौथा राज्याने, आणि उरलेला कर्ज व कारखानदारांची वर्गणी यांतून उभा करावयाचा. येथे 'भागीदारी' हा शब्द बऱ्याच अंशी सार्थ ठरतो, कारण नुकसानीचा वाटाही प्रत्येकाने उचलावयाचा आहे. अडचण अशी झाली की, प्रत्येकाने आपल्या दारात पाणी ठराविक प्रमाणात सुधारून मगच सामायिक नळीत सोडावे ही अट पाळली जाईना. एकाने अधिक आम्ल सोडले तर सर्वांचे केंद्र बिघडते, आणि कोणी सोडले ते नळीच्या टोकाशी कळत नाही. उल्हास नदीच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली अशी केंद्रे आणि काठावरील नगरसंस्था यांच्यावर मिळून ९५ कोटी रुपयांचा भार बसविला. केंद्र शासनाच्या १९९२ च्या प्रदूषण निवारण धोरणात टोकाशी उपचार करण्यापेक्षा उगमाशीच तंत्र बदलण्यावर भर दिलेला आहे. कमी पाणी लागणारी प्रक्रिया, कमी विषारी द्रावक, उपद्रव्यांचा पुनर्वापर असा त्याचा आशय. ही दिशा योग्य आहे यात संशय नाही. पण धोरणाच्या भाषेत 'उगम' म्हणजे कारखान्याची भिंत. ज्या पाण्याच्या आधाराने कारखाना तेथे आला त्या पाण्याचा उगम भिंतीच्या फार वर, घाटमाथ्यावर आहे.

मुंबई शहरात धूर परत आला तो वेगळ्या वाटेने. पाण्याची वीज शहराच्या वाढीला पुरेना. १९५६ साली चेंबूरजवळ तुर्भे येथे औष्णिक वीजघर सुरू झाले. त्याआधीच्या दोन वर्षांत तेथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले होते, मागून खतांचा कारखाना आला. चेंबूरचे 'गॅस चेंबर' हे लोकांनी केलेले नामांतर कोणा सुभाषितकाराला सुचण्यासारखे नव्हते. ते गुदमरणाऱ्यांनाच सुचले. या वीजघराच्या ५०० मेगावॅटच्या संचाला १९८० नंतरच्या दशकात गंधकाचा वायू समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा बसली. भारतातील अशा प्रकारचे ते पहिले उदाहरण. समुद्राच्या पाण्यातील क्षारीयतेमुळे वायूचे सल्फेटमध्ये रूपांतर होते, आणि सल्फेट समुद्रात मुळातच असल्याने हानी अल्प होते. तंत्र म्हणून ते चांगलेच मानावे लागेल. तरी येथेही अधिकरण बदलले आहे, हवेतून पाण्यात. फरक इतकाच की, या वेळी नवे अधिकरण आधी मोजून पाहिले गेले होते.

त्याच परिसरातील माहुल गावी तानसा जलवाहिनीच्या काठावरून हलविलेल्या हजारो कुटुंबांना २०१७ नंतर 'प्रकल्पग्रस्त' म्हणून घरे देण्यात आली. हवा असह्य आहे ही त्यांची तक्रार उच्च न्यायालयाने मानली आणि २०१९ साली, अन्यत्र राहावयाचे तर त्यांना भाड्याचे पैसे द्यावेत, असा आदेश शासनाला दिला. शहराच्या पाण्यासाठी उठविलेली माणसे शहराच्या धुरात नेऊन बसविली गेली, आणि दोन्ही वेळा त्यांच्या नावापुढे तेच एक 'ग्रस्त' होते.

सध्या टाटा धरणांचे पाणी पुन्हा पूर्वेकडे, भीमेच्या तुटीच्या खोऱ्यात वळवावे अशी मागणी पुणे-सोलापूर भागातून होत आहे. त्याला कोकणातून विरोध आहे, कारण कल्याण-डोंबिवलीचे पिण्याचे पाणी आणि रोह्याच्या कारखान्यांचे पाणी आता याच प्रवाहांवर चालते. शिवाय भिऱ्याचे झोत बंद राहिले की कुंडलिकेत मिसळलेल्या द्रवाला विरळ करण्यास पाणीच उरत नाही. या वादात घनफुटांचे, मेगावॅटचे आणि भरपाईचे आकडे दोन्ही बाजूंनी मांडले जातील. बुडालेल्या गावांच्या बाजूने मांडावयाचे जे आहे ते अद्याप नीट गोळा झालेले नाही. भूमिसंपादनाच्या जाहिरातींत आणि मोजणीच्या नकाशांत खाचरांची, ओहोळांची, माळांची नावे आहेत. मुळशी आणि आंदर मावळातून उठलेल्या कुटुंबांच्या बोलीत भातशेतीची अशी पारिभाषिक पदे अजून असू शकतील, जी त्या पाण्याबाहेर कोठेच वापरली जात नसतील. ती बोलणारी पिढी फार दिवस राहणार नाही. आपल्या विभागातील एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी दोन हिवाळी सुट्या या कामी घातल्या तर पेट्याचा एक शब्दसंग्रह आणि बुडालेल्या स्थलनामांची एक यादी निश्चितपणे सिद्ध होईल.